मागची सीट

भावाची गाडी दुरुस्तीला आत गेली होती. मी शोरूमच्या सोफ्यावर मनात नाम घेत बसले होते. शेजारी पन्नाशीतलं एक जोडपं होतं आणि त्यांच्या बोलण्यात माझं नाम राहून गेलं.

“दोन दारांची कूपे बुक केलीत आणि मला आज सांगताय?”

“अगं, लांबच्या प्रवासाला तीच बरी. रस्त्याला कशी चिकटून धावते.”

“मग ती चार दारांची सेडान काय बैलगाडी आहे? इंजिन तेच आहे, तुम्हीच म्हणालात.”

“तेच आहे. पण ही दिसते बघ कशी.”

“माझी आई मागे शिरणार कशी? परवा चालवून बघताना तिला बाहेर काढायला दोन माणसं लागली. तुम्ही हसत होतात.”

“त्याही हसत होत्या.”

“जावयासमोर दुसरं काय करणार ती?”

“पण दर प्रवासाला त्या हव्यातच का?”

“तुमच्या आई होत्या तोवर अकरा वर्षं दर प्रवासाला आल्या. मी मागे बसून त्यांच्या उलटीची पिशवी धरली. तेव्हा नाही सुचली दोन दारं.”

“हळू बोल, लोक ऐकतायत.”

“ऐकू देत. अकरा वर्षं हळूच बोलले.”

तेवढ्यात विक्रेता रंगांचे नमुने घेऊन आला.

“मॅडम, रंग कुठला ठरवलात?”

“ह्यांना विचारा. गाडीत हे एकटेच बसणार आहेत.”