वादळच्या घरचं कोण?

तुरुंगातल्या भेटीच्या रांगेत शाळेच्या गणवेशातली एक मुलगी मागच्या दोघींचं बोलणं ऐकत होती.

"टीव्हीवर कुस्ती खेळणारा तो 'वादळ' इथंच आहे म्हणे."

"कुस्ती कसली गं? सगळं लुटूपुटूचं!"

"आणि सराफाचं दुकान लुटताना रखवालदाराचा हात मोडला, ते?"

"तेवढंच खरं. आता घरचं कुणी फिरकतही नसेल."

"फिरकलेय की, मावशी!" मुलगी गर्रकन वळली. "हात मोडला, ते वाईटच. त्या काकांची माफी मागा, हेच पप्पांना सांगायला आलेय. पण लुटूपुटूचं म्हणू नका! समोरच्याला आपटताना त्याला लागू नये म्हणून पप्पा आधी स्वतःची पाठ टेकवायचे. ती पाठ मी शेकलीये."

"अगं, हळू! लोक बघताहेत."

"बघू देत!"

दारातून शिपायानं विचारलं, "वादळच्या घरचं कोण?"

"मी! त्यांची लेक!" रांगेच्या टोकापर्यंत ऐकू गेलं.