हंसाचा नवरा

हंसांना गरीब म्हणून राहिले तुम्ही? अरे, लढाईच्या दिवसांत आमच्या फॅक्टरी क्वार्टरच्या अंगणात खंदक खणला, तर आईची लाडकी हंसा त्यातच अंडी उबवायला बसली. तिचा नर कोणाला जवळ फिरकू देईना.

एका दुपारी हवाई हल्ल्याच्या सरावाचा भोंगा वाजला. नवा वॉर्डन ओरडत आला, "सब लोग खंदक में चलो!"

आई दारातूनच म्हणाली, "भैया, अंदर हंसा बैठी है. उसका आदमी बहुत गुस्सेवाला है."

"हंसा भाभी के आदमी को मैं समझाता हूँ!" म्हणत तो तरातरा खंदकाकडे गेला.

क्षणात वॉर्डन पेरूच्या झाडावर, अन् त्याची टोपी नराच्या चोचीत!

आईनं खालून विचारलं, "काहो भैया, समझा क्या?"