काळ्या दगडावरची रेघ

ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर शिंपीणबाई नवऱ्याचा एक्स-रे मांडीवर धरून बसल्या होत्या. शेजारी पिकल्या केसांचे बहीण-भाऊ. आत त्यांच्या आईचं ऑपरेशन चाललेलं. बाईंना ऐकायचं नव्हतं, पण बाक एकच, आणि कान काही काढून ठेवता येत नाहीत.

"चल, प्रार्थना करू."

"तू कर, ताई. देवाची इच्छा कधी बदलत नाही, असं तूच शिकवतेस ना चर्चमधल्या पोरांना? मग मागायचं कशाला?"

"पप्पांकडे सायकल किती दिवस मागत होतास?"

"अख्खा उन्हाळा! रोज संध्याकाळी, ते फळ्या कापत असायचे तेव्हा."

"मिळाली?"

"कसली मिळतेय! पप्पांचं नाही म्हणजे काळ्या दगडावरची रेघ."

"तरी रोज जायचास."

"जायचो. फळीचं दुसरं टोक मला धरायला द्यायचे. भुसा फुंकू द्यायचे. त्यांच्या शर्टाला लाकडाचा काय वास यायचा गं!"

"मला हेवा वाटायचा तुझा."

"पुढे पुढे तर आईनं जेवायला हाक मारली की आठवायचं, अरे, सायकल मागायची राहिलीच."

थिएटरच्या दारावरचा लाल दिवा अजून जळतच होता.

"ताई."

"काय रे?"

"इकडे सरक जरा. पण सुरुवात तू कर. मला आता शब्दसुद्धा आठवत नाहीत."

बहिणीनं हात पुढे केला.

"शब्द मी बघते. तू टोक धर."