मधली गानी खानारा प्लेअर

न्हाई, न्हाई, बिघाड प्लेअरातच हाय, आसिफ, माझ्या कार्डाला नावं ठेवू नको — काल दावलं की तुला, एक गानं वाजतंय, दुसरं वाजतंय, मग मधली चार-पाच गपकन गिळतो आनि फुडच्यावर उडी मारतो. कापूरहोळात येवढी दुकानं, पन ह्या मानसिंगशेठची जीप तुझ्याच दारात उभी ऱ्हाती, का? तर तू काम करतो आनि गप ऱ्हातो. लई आवडतं मला ते. मग आज असा काय बघतो माझ्याकडं? आतला पट्टा-बिट्टा सरकला आसंल — काय? पट्टा नसतोच ह्याच्यात? नसंल बाबा. मला भोंगवलीपर्यंत गानी लागत्यात, येवढंच. गाडीत शांतता झाली की डोकं चालाय लागतं, आनि डोकं चालाय लागलं की — जाऊ दे.

काय म्हनतो? ती गानीच न्हाईत? मग? मोबाईलवर बोलून भरलेलं — आनि तसलं ह्या प्लेअरला वाजवता येत न्हाई, म्हनून गाळतो व्हय! आत्ता कळलं. आरं, ते कुंडलिकाचं, माझ्या डायवरचं. कार्ड त्याच्या मोबाईलातलं. गानी झ्याक होती, वाया कशाला घालवा, म्हनून म्या काढून घेतलं. त्याला लिहिता-वाचता येत न्हाई, सकाळी काम सांगावं तर दुपारी इसरायचा — सिमेंट गुंजवण्याला, सळई वेल्ह्याला, हा उलटंच करून यायचा. शेवटी म्याच म्हनलं, मोबाईल धर माझ्या तोंडाफुडं आनि वाटंनं परत परत ऐक. तवापासनं रोज सकाळी धरायचा, परसादाला हात धरावा तसा. तर माझाच आवाज हाय त्यात — सिमेंट, सळई, खडी. वाजवायजोगं काय न्हाई. पुसून टाक.

तू ऐकलंस?

कशावर, कॉम्प्युटरवर? समदं? मग सावळारामचं नाव आलं आसंल — आलं तर आलं, म्या कुठं न्हाई म्हनतो? गुंजवण्याचा म्हातारा, त्याच्या भातखाचरातनं माझ्या टेम्पोला वाट देत न्हवता, दोन शिव्या घातल्या आसतील, कोन घालत न्हाई? आनि ‘थांबू नको’ म्हनलो आसंन, तर ते सिमेंटचं — गाडी वाटंत थांबली की पोती जात्यात. म्हातारा सकाळचा दूध घेऊन त्या वळनावरनं जायचा हे साऱ्या गावाला म्हाईत, म्या बोललो म्हनून काय झालं? टेम्पो त्याच्या अंगावर गेला तवा म्या भोरात, कचेरीत बसलेलो, इचार कुनाला बी. पोलिसांनी बी लिवलं, डायवरची चूक. कुंडलिक भ्याला आनि पळाला. कोकणात गेला आसंल, न्हाईतर गुजरातंत. मोबाईल बंद लागतो त्याचा, येवढंच मला ठावं — आनि लागंल कसा, धरनाच्या पान्यात मोबाईल चालतो व्हय —

तसं न्हाई. पडला आसंल, म्हनतो म्या. पळताना.

हिकडं बघ, आसिफ. तुझ्या अब्बांना, बिलालभाईंना, ही जागा कुनी मिळवून दिली? घरी इचार. आनि बहीन तुझी, यास्मिन, भोरला कॉलेजात जाती न्हवं, फाट्यावरनंच यष्टीत बसती — दिसती मला रोज. चांगली पोरगी हाय, मान खाली घालून चालती. तर कार्ड दे माझ्याकडं. आनि कॉम्प्युटरातलं काढ, माझ्या डोळ्यादेखत. हां. गेलं? बरं झालं. आनिक कुठं न्हाई न्हवं?

आसिफ. आनिक कुठं हाय?

बोल की. बनाबाईला? कुंडलिकाच्या बायकूला? ती तुझ्याकडं मोबाईल घेऊन आली आनि तू तिला सांगून मोकळा — तुझ्या नवऱ्याचा आवाज घावलाय म्हनून? आनि भरून बी दिलास? आरं, त्याचा आवाज कुठं हाय त्यात, माझंच बोलनं समदं, ह्यो निस्ता शेवटाला ‘व्हय मालक, व्हय मालक’. तेवढंच ऐकायचं होतं तिला? तेवढ्यासाठी तू माझ्या गळ्याला फास लावलास व्हय रं?

थांब. बाहेर बाकावर बसलीया ती कोन? येताना बघितली म्या, पदर तोंडावर, मोबाईल कानाला — म्हनलं यष्टीची वाट बघत आसंल कोन बाई. तीच? सकाळधरनं बसलीया? मग अजून कुनाकडं गेली न्हाई. चौकीवर न्हाई, गावात न्हाई. आनि एकटीच हाय? एकटीच. बघ, भ्यायचं काय कारन न्हवतं, म्या उगंच तापलो तुझ्यावर.

ऊठ. त्या कोपऱ्यावरच्या हॉटेलात जा, चहा घे, भजी खा, निवांत बस तिथं. न्हाई, मला काय आनू नको. जाताना तेवढं तिला आत पाठव — म्हनावं, कुंडलिकाचं सांगायला मालक बोलावत्यात. जा म्हनतो न्हवं! आनि मागं बघू नको. शटर म्या वडून घेतो.