उजवीकडून आलेले घोडे

हॅलो? … हां दादा, बोल. वाटलंच होतं तुझा फोन येणार. हरलास ना!

नाही, नाही, थांब. आधी कबूल कर. सलग चौथा डाव… हो, चौथा! शनिवारचा धरून. … का नाही धरायचा? नेट गेलं म्हणे. नेट गेलं असतं तर तुझे भालेवाले माझ्या घोड्यांखाली आले कसे?

एक मिनिट हं… ताई, कोटाची चेन बदलून ठेवलीये, त्या निळ्या पिशवीत बघा. … हो, तीच.

हां, बोल. मशीन बंद केलं, आता नीट ऐकू येतंय. … लबाडी? मी? अरे, तूच शिकवलास ना मला हा कॉम्प्युटरवरचा खेळ! सकाळी बसने मुलांना शाळेत सोडायचं, बस तिथेच लावायची, आणि घरी येऊन बहिणीच्या सैन्याचा फडशा पाडायचा, हा तुझा वर्षभराचा धंदा. … हो, हो, पाठ आहे मला. घोडदळ आलं की पळायचं नाही. भालेवाल्यांची भिंत पुढे, खांद्याला खांदा लावून. क्रॉसबोवाले त्यांच्या पाठीशी, कारण एक बाण मारला की दुसरा चढवेपर्यंत ते बिचारे उघडे पडतात… अरे, ऐक ना! वर्षभर माझे घोडे तुझ्या भाल्यांवर जाऊन मरत होते, तेव्हा नव्हती ती लबाडी.

केलं काय? काही नाही केलं. आठ घोडे समोर ठेवले, तुला दाखवायला. बाकीचे वीस उजवीकडून आणले. … तुझ्या उजवीकडून. … कुठलं जंगल? तिथे जंगल नाहीये दादा, उघडं माळरान आहे. झुडूपसुद्धा नाही. … आभाळातून कसे पडतील! चालत आले. दमू नयेत म्हणून मी चालवतच आणले. वर दोन मिनिटं तुझ्या क्रॉसबोवाल्यांच्या शेजारी उभे केले.

अरे, उभे केले म्हणतेय ना! मलाच शंका आली. म्हटलं, दादा एवढा गप्प कसा, याने मोठा सापळा लावलेला दिसतोय. तू आपला समोरच्या आठांवर बाण सोडत बसलास. भिंत वळवली नाहीस, काही नाही. … नाही रे, खिजवत नाहीये. खरंच उभे होते.

… दिसलेच नाहीत म्हणजे?

हसू नकोस. … नाही, मीही नाही हसत आता. दादा, शनिवारी मी उजवीकडूनच आले होते. काल आणि परवाही. आणि मागच्या आठवड्यात डावीकडून आले, तेव्हा तू एक घोडा जिवंत सोडला नाहीस. … नशीब कसलं? डावीकडचे तुला लांबून दिसले होते!

चष्मा? चष्म्याचा नंबर वाढला तर सगळंच अंधुक दिसेल. अर्धंच कसं गायब होईल?

बरं, एक कर. … माझ्यासाठी कर रे. फोन स्पीकरवर टाक. समोर भिंतीवर काय आहे? … कॅलेंडर. ठीक आहे. त्याच्यावरून नजर हलवायची नाही. डावा हात बाजूला लांब कर, बोटं नाचव, आणि हळूहळू पुढे आण. मीही करतेय इथे. गिऱ्हाइकं वेड्यात काढतील, काढू देत. … लगेच दिसली? मलाही. आता उजवा. … कॅलेंडरकडे बघ! … अजून नाही? … अजून? … दादा, माझी केव्हाच दिसली. … कुठवर आलाय हात?

… नाकासमोर?

… परत करून काय होणार आहे? … बरं, कर परत. … … तेच ना?

दादा, तुझ्या बसचा आरसा मोडला होता, तो उजवाच ना? तू म्हणालास, बाइकवाला येऊन घासला. … त्याला येताना पाहिलंस तू? … आवाज झाल्यावर. म्हणजे नाहीच पाहिलंस.

आणि गेल्या महिन्यात आमच्या दाराला खांदा आपटलास तो? मी म्हटलं, दादाला घाई फार. … विषय बदलू नकोस.

… तुला माहीत होतं.

खोटं बोलू नकोस, मला तुझा आवाज कळतो. किती दिवस झाले? … अडीच महिने! आणि वहिनीला? … तिलाही नाही सांगितलंस. तिच्या शेजारी बसून जेवतोस रोज, आणि… काय म्हणू तुला मी?

मान वळवतोस. … हो, ऐकतेय. गाडी चालवताना मुद्दाम मान वळवून उजवीकडे बघतोस. दर वेळी? … मग खेळताना का नाही वळवलीस? … 'लक्षात नाही आलं.' बघ, तूच बोललास. रंगात आलास आणि विसरलास. रस्त्यावर पुढे कोणी अचानक ब्रेक मारला, मागे पोरांनी दंगा केला, आणि तेव्हा विसरलास तर? दादा, ती पोरं उतरली की बससमोरून पळत जातात. उजवीकडूनही पळत येतात. माझे घोडे तर दोन मिनिटं उभे होते रे!

ओरडू नकोस माझ्यावर. … तो आरसा सोडला तर एकोणीस वर्षांत गाडीला ओरखडा नाही, माहितेय मला. मीच सांगत फिरते लोकांना. … रिटायर व्हायला तीनच वर्षं राहिली, तेही माहितेय. … मग घरी बसून काय करशील? मला नाही माहीत काय करशील. मला भीती वाटतेय एवढंच कळतंय.

उद्या डॉक्टरकडे जातोस, छान. मीही येते. पण आजचं काय? बारा वाजायला आले. सव्वाबाराला चाळीस पोरं बसशी उभी राहतील. … 'आजचा दिवस' नाही, दादा. एकही फेरी नाही. आत्ता शाळेत फोन कर, दुसरा ड्रायव्हर बोलवा म्हणावं. दोन वाक्यं बोलायचीत.

… आंधळा म्हणतील? कोण म्हणेल? … म्हणू देत! माझा भाऊ आहे तो, बघते मी कोण म्हणतं ते. … हो. … हो रे, कळतंय मला. बस म्हणजे तुझं सगळं आहे, कळत नाही का मला?

पण तू नाही केलास, तर मी करेन फोन. … धमकी नाही. … बहीण म्हणूनच करेन. … तोंड नाही बघणार माझं? नको बघूस. … दादा, असं नको बोलूस. … दादा, अरे ऐक ना… हॅलो? … हॅलो?

ठेवला.

…

हॅलो, शाळेचं ऑफिस का? … नाही, प्रवेशाचं काही नाही. बसचं काम बघतात त्यांना द्या. … जागेवर नाहीत? मग मुख्याध्यापकांना द्या. … मीटिंगमधून उठवा हो त्यांना, पाया पडते.

… नमस्कार सर. मी तुमच्या तीन नंबरच्या बसच्या ड्रायव्हरची बहीण बोलतेय. सख्खी. आज त्याला गाडी काढू देऊ नका. … नाही, नाही! दारूला आयुष्यात शिवला नाही तो. त्याला उजव्या बाजूचं दिसत नाही. … अगदी खात्री आहे. … कशावरून म्हणजे… आम्ही एक खेळ खेळतो सर. कॉम्प्युटरवर. त्यात घोडदळ असतं… हो, खेळच. तुम्ही हसलात तरी चालेल, पण त्याच्या हातात चावी देऊ नका. आल्यावर त्याला समोर बसवा, त्याच्या उजव्या बाजूला बोटं हलवून बघा, तुमचं तुम्हाला कळेल.

एक सेकंद… त्याचाच फोन येतोय मध्ये. … वाजू दे. आधी तुम्ही सांगा, दुसरा ड्रायव्हर आहे का? … वेळेत पोचेल? … नक्की? … कोणी सांगितलं विचारलं तर माझं सांगा. लपवू नका. … उपकार झाले सर. ठेवते.

…

हां दादा. … झाला माझा फोन करून. … हो, त्यांनाच.

… काय?

तू स्वतःच सांगणार होतास? … बूट घातले होतेस, पायी निघाला होतास सांगायला…

मला कसं कळणार रे? तू फोन आपटलास, मी घड्याळाकडे बघत होते. … हो, दहाच मिनिटं. दहा मिनिटं थांबायला हवं होतं मी. … नाही, माफी नाही मागत. उद्या अशीच वेळ आली तर पुन्हा करेन. पण तुझ्या तोंडून जायला हवं होतं ते, आणि मी ते घेतलं तुझ्याकडून. … रडू नकोस ना, दादा. मला नाही ऐकवत.

मी दुकान बंद करून येतेय. … नको म्हणालास तरी येतेय. शाळेत आपण दोघं जाऊ, सरांसमोर तूच बोल, मी बाहेर उभी राहीन. … हो, तुझ्या उजव्या बाजूने चालेन रस्त्याने. … बूट काढू नकोस. ठेवते.