कात्रीचं टेबल

ग्रंथपाल : ...पेटी मात्र अगदी सुखरूप आहे, मॅडम. काचेच्या कपाटात आहे. ‘हात लावू नये’ अशी पाटीसुद्धा आहे.

प्राध्यापिका : अहो ताई, पेटी रिकामी आहे!

ग्रंथपाल : रिकामी आहे म्हणूनच सुखरूप आहे. भरलेली असती तर तीही टेबलावर गेली असती.

प्राध्यापिका : मामांचे चित्रकथांचे सगळे अंक? एकूण एक?

ग्रंथपाल : मुलं फार मन लावून काम करतात. सकाळी खोकं टेबलावर आलं आणि सगळी त्याच्यावर तुटून पडली. कापण्याचं काम संपलं, आता चिकटवणं चाललंय.

प्राध्यापिका : पण ते खोकं कात्रीच्या टेबलावर नेलं कुणी?

ग्रंथपाल : नाव सांगितलं तर तुम्हाला राग येईल.

प्राध्यापिका : येऊ दे. सांगा.

ग्रंथपाल : तुम्ही.

प्राध्यापिका : मी? मी सकाळपासून व्यासपीठावर खुर्च्या मोजतेय!

ग्रंथपाल : उचलून नेलं स्वयंसेवकांनी. पण खोक्यावर ‘स्कॅन पूर्ण’ ही चिठ्ठी तुमच्या हातची. आणि ज्याचं स्कॅन पूर्ण झालं ते मुलांना कापायला द्यायचं, हा मेळाव्याचा नियमही तुमचाच. समितीत एकमतानं मंजूर झालाय. एकमत तुमचं होतं, बाकीचे चहा घेत होते.

प्राध्यापिका : तो नियम रद्दीतून आलेल्या जादा प्रतींसाठी होता हो! मुलांनी जुन्या चित्रकथा कापून आपली नवी गोष्ट रचावी, म्हणून.

ग्रंथपाल : मी तेव्हा विचारलं होतं, ज्यांचे अंक आहेत त्यांना एकदा विचारायचं का? तुम्ही म्हणालात, चित्रकथेचा खरा मालक तिचा वाचक असतो. मला वाक्य इतकं आवडलं की मोठ्या अक्षरात लिहून दारावर लावलंय.

प्राध्यापिका : ते आधी काढा.

ग्रंथपाल : उद्‌घाटकांनी त्याच्यासमोर फोटो काढून घेतलाय.

प्राध्यापिका : पेटीतच राहू दिले असते तर! मीच शहाणी. पत्र्याला गंज चढतो, गंजानं कागद खराब होतो, म्हणून मीच ते काढून साध्या खोक्यात ठेवले.

ग्रंथपाल : गंजापासून वाचले, हेही खरंच आहे.

प्राध्यापिका : ताई, मला हसू येत नाहीये.

ग्रंथपाल : मी विनोद केलाच नाही. बरं, एक विचारू? आज तुमचा निबंध आहे तो दोन चित्रांच्या मधल्या कोऱ्या पट्टीवरच ना?

प्राध्यापिका : हो. त्याचं काय?

ग्रंथपाल : मुलांनी नेमकी ती पट्टीच उडवलीय. चित्रं सगळी शाबूत आहेत. निबंधात एखादं वाक्य बदलावं लागेल, एवढंच.

(प्राध्यापिका डोळे पुसू लागतात.)

ग्रंथपाल : बसा. ही खुर्ची डुगडुगते, त्या दुसरीवर बसा. आणि मला सांगा, एवढं रडण्यासारखं काय आहे? स्कॅन आहेत ना सगळे?

प्राध्यापिका : चित्रांचे आहेत. समास सोडून घेतलेत.

ग्रंथपाल : समासात काय असतं? अंगठ्याचे डाग.

प्राध्यापिका : समासात माझी आई होती.

ग्रंथपाल : म्हणजे?

प्राध्यापिका : आई मामांची धाकटी बहीण. मामा दवाखान्यात कंपाउंडर होते. ते कामावर गेले की आई त्यांचे अंक चोरून वाचायची. बरं, नुसती वाचायची नाही. शेरे मारायची. प्रत्येक पानाच्या कडेला, पेन्सिलीनं. ‘हा राजा बावळट आहे, राज्य घोड्याला द्या.’ ‘दादा, हा राक्षस आपल्या हेडमास्तरांसारखा शिंकतो.’ मामा संध्याकाळी आले की भांडण. आई गेल्यावर तिच्या हातचं तेवढंच राहिलं होतं. आम्हाला लहानपणी त्या पेटीला हात लावायचा तर आधी साबणानं हात धुवावे लागायचे. मामा बोटं हुंगून बघायचे. आणि गेल्या महिन्यात पेटी माझ्या हातात दिली तेव्हा धुवायला सांगितलंच नाही. नुसतं म्हणाले, ‘ने.’

ग्रंथपाल : असं.

प्राध्यापिका : आज त्यांचा सत्कार ठेवलाय. ‘ज्येष्ठ संग्राहक’ म्हणून. त्यांच्या हातात मी काय देऊ, फुलं की कात्री?

ग्रंथपाल : मॅडम, मी सरकारी नोकरीत केस पांढरे केलेत, म्हणून सुचतंय ते सांगते. तुमच्या त्या स्कॅनची छपाई करून घेऊ. जाड, पिवळसर कागदावर. शिवून पेटीत ठेवू. मामांची नजर आता तितकीशी नाही. पेटी उघडतील, वरचा अंक बघतील, मिटतील. म्हातारी माणसं पेट्या वाचायला उघडत नाहीत, आहे ना हे बघायला उघडतात.

प्राध्यापिका : आणि शेरे?

ग्रंथपाल : काळानुसार पेन्सिल पुसट होते.

प्राध्यापिका : इतकी?

ग्रंथपाल : चांगल्या मनानं बघितलं तर इतकीही होते. विचार करा. पाहुणे आलेत, मी बाहेर त्यांच्याकडे बघते. अरे, या या, मामासाहेब! मॅडम आतच आहेत.

(ग्रंथपाल जातात. मामा आत येतात. त्यांच्या बोटांना खळ लागलेली आहे.)

मामा : चिंगे, इथे दडून बसलीस होय? बाहेर तुझ्या नावानं माइक ठणठणतोय.

प्राध्यापिका : मामा! कधी आलात? गाडी पाठवणार होते मी.

मामा : केव्हाच आलोय. म्हटलं सत्काराला उशीर झाला तर दुसऱ्याचाच करून टाकाल. ही धूळ बघ. ग्रंथालय आहे का गोदाम?

प्राध्यापिका : मामा, ते... प्रवास बरा झाला?

मामा : झाला. चेहरा का असा? जेवली नाहीस?

प्राध्यापिका : जेवले. नाही, जेवले नाही. मामा, मी काय म्हणत होते, पेटी मी पुढच्या आठवड्यात घरी पोचवते. जरा डागडुजी चाललीय. काही अंक जरा... वापरात आले. ते नीट करून, शिवून...

मामा : रिकामी पेटी पोचवायला आठवडा कशाला? मी आत्ताच काखोटीला मारून नेईन.

प्राध्यापिका : ...तुम्हाला माहीत आहे.

मामा : कापणाऱ्यांच्या शेजारीच बसलो होतो मी. तुमच्या त्या मंचासमोर पुढच्या रांगेत बसवत होते मला. तिथे पंख्याचं वारं येत नाही. टेबलापाशी बरं वाटलं.

प्राध्यापिका : आणि तुम्ही बघत बसलात? ओरडला नाहीत?

मामा : ओरडणार होतो. तोंडसुद्धा उघडलं होतं.

प्राध्यापिका : मग?

मामा : समोर एक पोरगी होती. पुढचे दोन दात पडलेले. तिच्या हातात त्या वाघाच्या गोष्टीचं पान होतं, आणि कात्री चालली होती बरोबर तुझ्या आईच्या अक्षरातून. वाकडीतिकडी. माझा जीव वर गेला. मी म्हटलं, अगं, ते लिहिलेलं कापू नकोस. ती म्हणाली, हे कोण बोलतंय? म्हटलं, माझी बहीण. तर म्हणते, मग हे फुग्यात हवं ना! बोलणं फुग्यात असतं, आजोबा. एवढं माहीत नाही?

प्राध्यापिका : मग?

मामा : मग काय! बरोबर होतं तिचं. पुड्या बांधण्यासाठी जन्मभर कागद कापलेत मी. म्हटलं, आण इकडे, गोल कापून देतो.

प्राध्यापिका : तुम्ही कापलंत? स्वतः?

मामा : तिच्या हातून अक्षर तुटलं असतं. मी फक्त कड काढली. मग सगळी पोरं रांगेनं उभी राहिली. आजोबा, माझा फुगा. आजोबा, माझा. तुझ्या आईचे किती शेरे कापले ते सांगू शकत नाही. राजाचं वाक्य घोड्याला गेलं, हेडमास्तरांचं एका राणीला. मेळ काही राहिला नाही.

प्राध्यापिका : मामा, मला बोलायचंय. मी आत्ता तुमच्याशी खोटं बोलणार होते. स्कॅन छापून, जुन्यासारखे दिसणारे अंक करून, पेटीत भरून...

मामा : पिवळ्या कागदावर?

प्राध्यापिका : हो.

मामा : दवाखान्यात आम्हीही करायचो. औषध संपलं की पाण्यात रंग. काही लोक बरेसुद्धा व्हायचे.

प्राध्यापिका : चुकलं माझं. चिठ्ठी मीच लावली होती. दुसऱ्या कुणाची चूक नाही.

मामा : चिठ्ठीचं काय घेऊन बसलीस! चिठ्ठ्या चुकीच्या बाटलीला लागतात. मीसुद्धा लावल्यात. एकदा पोटदुखीवाल्याला खोकल्याचं दिलं, तो खोकायचाही थांबला. चुकीचं मला काही वाईट वाटलं नाही, चिंगे.

प्राध्यापिका : मग कशाचं वाटलं?

मामा : पेटीखाली ते कार्ड ठेवलंयस.

प्राध्यापिका : कुठलं? माहितीचं?

मामा : चष्मा लावून वाचलं मी. ‘स्थिती : मध्यम. समासात पेन्सिलीचे डाग.’

प्राध्यापिका : मामा, ती... ती आमची ठरलेली भाषा असते. सूचीत छापील मजकुराखेरीज जे काही असतं त्याला...

मामा : डाग म्हणतात.

प्राध्यापिका : हो.

मामा : तुझी चिठ्ठी गडबडीत लागली. कार्ड तू बसून लिहिलंस. छान अक्षरात.

प्राध्यापिका : काढते मी ते. आत्ता जाऊन काढते.

मामा : राहू दे. त्यातलं ‘मध्यम’ मला पटलंय. माझीही तीच स्थिती आहे.

प्राध्यापिका : नका ना असं बोलू.

मामा : बरं, मला एक सांग. मी शिकलेला नाही फार, तुझं भाषण मला कळेलच असं नाही. ते चित्रांच्या मधल्या जागेवर आहे म्हणे. त्या जागेत काय आहे एवढं?

प्राध्यापिका : म्हणजे... एका चित्रात वाघ डोंगरावर असतो, दुसऱ्यात नदीपाशी. मधलं कुणी काढत नाही. ते वाचणारा मनात भरतो. मधल्या वेळात वाघानं काय केलं असेल...

मामा : जेवला असेल.

प्राध्यापिका : ‘दादा, या चित्रातून त्या चित्रात जाईपर्यंत हा जेवला कधी?’

मामा : वाघाच्याच पानावर होतं ते. उजव्या कडेला. तू एवढीशी होतीस, अक्षरं जुळवून वाचलं होतंस आणि दिवसभर माझ्या मागे लागलीस. सांगा ना, जेवला कधी? जेवला कधी? मी शेवटी म्हटलं, कोरी जागा दिसते ना, तिथे बसून जेवला.

प्राध्यापिका : मी विसरले नव्हते, मामा. तेच वाईट आहे. विसरले असते तर बरं होतं. पदवी मिळाली, नोकरी मिळाली, परदेशी पाहुण्यांसमोर बोलले, सगळं त्याच्यावर. आणि दर वेळी म्हटलं, हे विद्यापीठात कसं सांगायचं, की पेन्सिलीनं लिहिलेलं होतं आणि आई सातवी शिकलेली होती.

मामा : मग निबंधात खाली कुठे नाव-बिव?

प्राध्यापिका : नाही.

मामा : बारीक अक्षरातसुद्धा नाही?

प्राध्यापिका : बारीक अक्षरात बाकी सगळ्यांची आहेत.

मामा : हं.

प्राध्यापिका : आज सांगेन. निबंधाच्या आधी. सगळ्यांसमोर.

मामा : सांग. पण मला खूश करायला सांगू नकोस. आणि रडत सांगू नकोस, माइकमध्ये नुसती शेंबडाची खरखर येते.

प्राध्यापिका : माफ केलंत?

मामा : नाही. घाई आहे का?

प्राध्यापिका : नाही.

मामा : मग चल. घरी गेल्यावर नीट रागावेन. इथे मला फुलंबिलं मिळायची आहेत, चेहरा हसरा ठेवायला हवा.

(ग्रंथपाल परत येतात.)

ग्रंथपाल : मॅडम, पाहुण्यांचं भाषण संपत आलंय! म्हणजे ते तिसऱ्यांदा ‘शेवटी एवढंच सांगतो’ म्हणाले. तयार राहा. मामासाहेब, तुमच्या हाताला खळ लागलीय, सत्काराआधी पुसून घ्या.

मामा : असू द्या. फुलं चिकटून राहतील. बाई, पोरांची पानं कुठे टांगलीत?

ग्रंथपाल : दाराशी, दोरीवर. जाताजाता बघा. पण काढू नका हं कुणी. संध्याकाळी मुलं आपापली घरी घेऊन जाणार. तोही नियम मॅडमचाच.

प्राध्यापिका : माझाच?

ग्रंथपाल : ‘ज्यानं रचलं, त्याचं.’ एकमतानं.

प्राध्यापिका : म्हणजे संध्याकाळी तेही जाणार. आईचं सगळंच, घरोघरी.

मामा : जाऊ दे. पेटीत बसून कंटाळली होती. (दोघं दाराशी, दोरीजवळ येतात.) हे बघ, हे त्या दात पडलेलीचं पान. वाघ बघ.

प्राध्यापिका : ‘जेवला कधी’... मामा, वाघ स्वतःच विचारतोय. समोर राजा आहे.

मामा : आणि राजाच्या फुग्यात काही नाही. कोराच चिकटवलाय. मी विचारलं तिला, याला काही बोलायला दे की. तर म्हणे, त्याला उत्तर येत नाहीये.

प्राध्यापिका : हा ‘ज’ बघा. पोट पुढे आलेला. आईच काढायची असा.

मामा : हं.

प्राध्यापिका : मी काढत नाही, मामा. पान तिचंच आहे. फक्त जरा हात लावून बघते.

मामा : चिंगे.

प्राध्यापिका : काय?

मामा : हात धुतलेस?