ओलं फडकं

…आणि नाव कोणाचं? माझं! अहो, एसीतून गार हवा येईना, यात माझा काय हात? पण तुम्हाला सांगतो, आमच्या हिने, सुमनने, एसीकडे बघितलंसुद्धा नाही, थेट माझ्या खिशात हात! "काढा ते सेल!" आता मागे दोनदा मी रिमोटचे सेल लपवले होते, कबूल… तीनदा… पण आज? आज संध्याकाळी नातीची, इशिताची हळद! वाडीतला मोगरा पहाटे खुडून दीडशे गजरे ओवलेले, टोपल्यांवर ओले पंचे, आणि सगळं एसीच्या खोलीत. का? तर कळी मिटलेली राहावी, बायकांच्या डोक्यात जाऊन मगच उमलावी. सुमनचा हट्ट! अशा दिवशी मी मस्करी करीन का? …करीनही म्हणा, पण केली नव्हती!

एसीवाल्या एल्रॉयला फोन लावला, तर म्हणतो कसा, "काका, आज पाल कुठे ठेवलीय?" गेल्या खेपेला बाहेरच्या युनिटच्या जाळीत मी रबराची पाल बसवलेली, तर हा पठ्ठ्या शिडीवरून थेट केळीत! शेवटी सुमनने फोन घेतला, तेव्हा आमच्या उमेळे गावात उगवला. आणि आल्या आल्या आधी पक्कडीने जाळी खडखडवली!

मग पाइपाच्या मुळाशी साबणाचा फेस लावला, तर फुर्र्र… बुडबुडेच बुडबुडे! मी टाळ्या पिटल्या.

"नाचू नका काका. सर्व्हिस वॉल्व्ह गेला. इथनं गॅस पळतोय."

"मग बदल की!"

"नळ आहे का तो, फिरवला नि काढला? उरलेला गॅस बाटल्यात काढायचा, जुना तापवून सोडवायचा, नव्याला डाख द्यायचा…"

आतून सुमन, "अहो, कळ्या तोंड उघडायला लागल्या!" इकडे एल्रॉयची निळी ज्योत भसाभसा, आणि हा ओरडतोय, "काका, ओलं फडकं! वॉल्व्हला गुंडाळायचंय, नाहीतर आतलं रबर जळेल! पळा!"

पळालो! सत्तरीत, लेंगा सावरत! स्वयंपाकघरात सगळी फडकी कोरडी ठणठणीत. खोलीत बघतो तर सुमन दिसेना, पण टोपल्यांवर काय… गारेगार, पाणी टपकणारे चार पंचे! उचलले. चारही!

एल्रॉय खूश. "काका, आज पहिल्यांदा कामाला आलात!" वॉल्व्ह बसला, पंपाने पाइपातली हवा ओढली, गॅस भरला, एसी घुर्रर्र… आणि असा गार, असा गार! मी छाती काढून आत गेलो, तर दीडशेच्या दीडशे गजरे टप्पोरे फुललेले! सुमन टोपल्यांकडे बघते, मग माझ्याकडे, मग एल्रॉयच्या हातातल्या काळ्याठिक्कर पंच्याकडे… नाव कोणाचं? माझं! ह्या वेळी मात्र अगदी खरंखुरं माझं!

पाच वाजता नवऱ्याकडच्या बायका आल्या. "अगंबाई, फाटकापर्यंत घमघमाट! आणि गजरे फुललेले? आम्ही मेल्या नुसत्या कळ्याच माळतो. कोणाला सुचलं हो हे?"

मी घसा खाकरला, पुढे झालो, तोंड उघडलं… तर सुमन पदर सावरत म्हणते, "माझ्याच डोक्यातलं हो!"

राहवेना. सगळं खरं सांगून टाकलं. वॉल्व्ह, ज्योत, पंचे, सगळं! बायका पोट धरधरून हसल्या. "इशिता म्हणालीच होती, आजोबा भारी मस्करे आहेत!"

सत्तर वर्षांत एकदा खरं बोललो… आणि नाव कोणाचं? सुमनचं!